बत्तीस खड्यांचं आकाश

मे महिन्यातली रात्र. वीज गेलेली, त्यामुळे अलिबागजवळच्या आमच्या गच्चीवर आकाश नेहमीपेक्षा खाली उतरलेलं. दोन्ही नातवंडं सतरंजीवर उताणी पडली होती.

"आजोबा, रेंज गेली. नकाशाच उघडत नाही," थोरला कुरकुरला. "आता आपण कुठे आहोत ते कळायचं कसं?"

"मोबाइल ठेव खाली आणि डोक्यावर बघ. तो नारिंगी तारा दिसतो? ती स्वाती. स्वाती बरोब्बर डोक्यावरून गेली की समजायचं, आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला १९ अंशांच्या आसपास आहोत. आता उत्तरेला बघ. हात लांब कर आणि क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेव. सापडला ध्रुव? एक मूठ साधारण १० अंशांची. दोन मुठींना जरासा कमी, म्हणजे पुन्हा १९च. मिळाला की नाही नकाशा?"

धाकटी उठून बसली. "हे कुणी शोधलं?"

"एकट्या कुणी नाही. पण यावर आयुष्य काढलेल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. प्रशांत महासागरात, मायक्रोनेशियात, सातावाल नावाचं बेट आहे. जेमतेम १.३ चौरस किलोमीटर. सकाळी फेरी मारायला निघालात तर न्याहारीला घरी परत. तिथे १९३२ साली मौ पियाइलुग जन्मला. त्याचे आजोबा होते नावाडी. म्हणजे वल्ही मारणारे नव्हेत हं, वाट दाखवणारे. त्यांनी बाळ हेरलं आणि किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यात नेऊन बसवलं. भरती-ओहोटीचं पाणी कसं ओढतं, कसं ढकलतं, ते बोलता येण्याआधी अंगाला कळावं म्हणून. पुढे पोराला बोट लागायला लागली, उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा आजोबांनी त्याला चक्क समुद्रात टाकलं, असं सांगतात. लाटेची भीती वाटते ना? मग लाटेतच जा!"

"आईनं तुम्हाला असं करू दिलं नसतं," थोरला म्हणाला.

"अजिबात नाही! बरं, ऐका. त्यांची पाटी म्हणजे चटई. चटईवर गोल मांडायचे बत्तीस खडे. एकेक खडा म्हणजे एकेका ताऱ्याच्या उगवण्याची नाहीतर मावळण्याची जागा. मधे नाव. पोरानं पाठ करायचं, या खड्यासमोर कुठला खडा, या दिशेला गेलं तर कुठलं बेट, कुठला खडक. पूर्वेची मुख्य खूण श्रवण. आपल्या नक्षत्रांतला श्रवण, तोच."

"पण तारे तर रात्रभर सरकतात," धाकटीची शंका रास्त होती.

"सरकतात, पण उंबरठा बदलत नाहीत. सूर्य बघ, उन्हाळ्यात उत्तरेकडे सरकून उगवतो, थंडीत दक्षिणेकडे. ताऱ्याचं तसं नाही. तो रोज सुमारे चार मिनिटं आधी येतो, पण क्षितिजावरच्या त्याच जागेवरून. पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते तो आपल्या हयातीत तरी नजरेला जाणवेल इतका कलत नाही, म्हणून. तारा उगवला की नावेचं नाक त्याच्यावर धरायचं. तो वर चढला की त्याला सोडायचं. तोवर त्याच उंबरठ्यातून दुसरा आलेला असतो. रात्रभरात असे सात-आठ, दहा तारे एकामागून एक वाट दाखवतात."

"आणि ढग आले तर?"

"तर पाठ टेकायची! नावेच्या तळाशी आडवं व्हायचं. वाऱ्याची लाट वेगळी, ती वारा फिरला की फिरते. पण शेकडो मैलांवरच्या वाऱ्यांनी उठवलेली लांब, संथ लाट दिवसचे दिवस एकाच दिशेनं येत राहते. अशा दोन-तीन लाटा एकमेकींना छेदत जातात. नाव आधी कुठे उचलली जाते, मग कुठे कलते, ते अंगाला कळतं. मधे बेट आलं की लाट त्याला वळसा घालते, आपटून परत फिरते. बेट दिसायच्या आधी त्याचा धक्का पाठीला लागतो. आणि पक्षी. पांढरा सुरय रात्री जमिनीवर परततो. म्हणून सकाळी तो जिकडून येतो आणि संध्याकाळी जिकडे जातो, तिकडे बेट.

"सगळ्यात गंमत पुढे आहे. एसटीच्या खिडकीतून झाडं मागे पळतात ना? मौचे लोक तसंच धरून चालतात. नाव जागच्या जागी आहे, बेटंच सरकतायत. दूरचं, न दिसणारं एक बेट मनात धरायचं. ते या ताऱ्याखालून त्या ताऱ्याखाली सरकलं, म्हणजे एवढी वाट संपली. कागद नाही, पेन्सिल नाही."

धाकटी गप्प झाली. बहुधा गच्ची जागच्या जागी ठेवून अलिबाग सरकवून बघत असावी.

"तिकडे हवाईत मात्र ही विद्या पुसली गेली होती. काही विद्वान तर म्हणत, हे लोक वाट काढत आलेच नाहीत, वाहत वाहत चुकून बेटांना लागले. मग हवाईच्या लोकांनी जुन्या घाटाची, दोन नावा शेजारी बांधलेली नौका घडवली. नाव ठेवलं होकुलेआ, आनंदाचा तारा. म्हणजे हीच तुझ्या डोक्यावरची स्वाती. ती त्यांच्याही डोक्यावरून जाते. पण वाट दाखवणारा त्यांच्यात कुणी उरला नव्हता. सातावालहून मौ आला. १ मे १९७६ला नौका निघाली आणि होकायंत्राशिवाय, नकाशाशिवाय, सुमारे चार हजार किलोमीटर जाऊन महिन्याभरानं ताहितीला लागली. बंदरावर हजारो माणसं उभी होती. वाटेत विषुववृत्त ओलांडताना ध्रुव पाण्यात बुडाला. ताहितीच्या डोक्यावर स्वाती नाही, तिथे व्याध."

"मग मौ हिरो झाला?"

"झाला. पण घरचे काही जण रागावले. घराण्याची विद्या परक्यांना द्यायची? मौ काय करणार? बेटावरची पोरं शिकायला बसत नव्हती. त्याच्या डोळ्यांसमोर चटई रिकामी होती. म्हणून त्यानं हवाईच्या नैनोआ थॉम्पसनला शिकवलं. १९८०मध्ये नैनोआनं स्वतः नौका ताहितीला नेली. आणि २००७मध्ये मौनं सातावालवर 'प्वो' केला, म्हणजे नावाड्याची दीक्षा. त्यात हवाईचे पाच जण होते, आणि त्याचा स्वतःचा मुलगाही. चटई पुन्हा भरली. २०१०मध्ये मौ गेला."

"आजोबा, तुम्हाला कुणी शिकवलं?" धाकटीनं विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक हवं होतं.

"पुस्तकांनी," मी म्हणालो. "माझे आजोबा गलबतावर तांडेल होते. उलांडीच्या होडीपासून गलबतापर्यंत सगळं त्यांनी चालवलं. संध्याकाळी पायरीवर बसून पश्चिमेकडे बघत आणि म्हणत, उद्या वारा फिरेल. फिरायचा. कशावरून, ते मी कधी विचारलं नाही. मला शहरात जायची घाई होती. ते गेले तेव्हा ती पायरी राहिली, फिरणारा वारा राहिला, मधला 'कशावरून' तेवढा गेला."

कुणी काही बोललं नाही. पूर्वेला शेजारच्या माडाच्या शेंड्यामागून एक तारा वर आला.

"श्रवण?" धाकटीनं विचारलं.

"श्रवण."

तिनं कुंडीतला एक खडा उचलला, कठड्यावर त्या माडाच्या रेषेत ठेवला आणि भावाला मोबाइलमधली वेळ बघायला सांगितली. दुसऱ्या रात्री मी नेमका डुलकीत होतो. कुणीतरी दंड हलवला.

"आजोबा, उठा. त्याच खड्यावरून आला. चार मिनिटं आधी."