कप्तान पिकार्ड यांचे पुढे काय झाले?

पालकांपैकी ज्यांनी १९८० च्या दशकात दूरदर्शनवर 'स्टार ट्रेक' पाहिले असेल, त्यांना कप्तान कर्क आठवत असतील. ती मूळ अमेरिकन मालिका १९६६ ते १९६९ ची. तिच्यापुढची 'द नेक्स्ट जनरेशन' १९८७ ते १९९४ चालली. तीत 'एंटरप्राइझ' यानाचे कप्तान होते जाँ-ल्यूक पिकार्ड. भूमिका पॅट्रिक स्ट्युअर्ट यांची. २००२ च्या 'नेमेसिस' चित्रपटानंतर या पात्राची कथा पडद्यावर पुढे सरकली ती थेट २०२० मध्ये. मधल्या काळात चाहते एकच वाद घालत होते: म्हातारपणी हे कप्तान काय करतील? हा वाद आमच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावा, कारण तो वाऱ्यावरचा नव्हता. प्रत्येक तर्काला मालिकेतला पुरावा द्यावा लागे.

वादाचे मूळ 'नेमेसिस'मध्येच होते. तेथे पिकार्ड यांना कामगिरी सोपवणाऱ्या ॲडमिरल जेनवे या दुसऱ्या मालिकेतल्या, वयाने लहान कप्तान. त्या वर गेल्या, हे मात्र तिथेच! एक पक्ष म्हणे, पिकार्ड स्वतःच बढती घेणार नाहीत. १९८८ च्या एका भागात त्यांना अकादमीचे प्रमुखपद देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले. १९९४ च्या चित्रपटात तर वृद्ध कर्क त्यांना बजावतात की बढती घेऊ नका, यान सोडू नका. कर्क यांचा तो अनुभव होता. ॲडमिरल होऊन ते कधी रमले नाहीत, आणि १९८६ च्या चित्रपटात पुन्हा कप्तान होण्याची 'शिक्षा' मिळाली तेव्हा कुठे सुखावले.

दुसरा पक्ष पुरातत्त्वाची आठवण देई. १९९३ च्या एका भागात त्यांचे जुने गुरू उत्खननाच्या मोहिमेवर बोलावतात. पिकार्ड जात नाहीत, पण ते नाकारणे त्यांना जड जाते. तिसरा पक्ष मालिकेचा शेवटचा भाग दाखवी. त्यात २५ वर्षांनंतरचे पिकार्ड फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यात आहेत आणि मेंदूच्या विकाराने त्यांचा स्मरणशक्तीवर भरवसा उरलेला नाही. पण ते एक संभाव्य भविष्य होते, पक्के नव्हे. २००९ च्या एका चित्रकथेने त्यांना राजदूत केले.

२०२० मध्ये 'स्टार ट्रेक: पिकार्ड' आली तेव्हा स्ट्युअर्ट ७९ वर्षांचे होते. मळा खरा ठरला. आणि पिकार्ड ॲडमिरलही झालेले होते! मात्र खुर्चीसाठी नव्हे. रोम्युलन लोकांचा सूर्य फुटणार होता, लक्षावधी जीव हलवायचे होते, आणि एका यानाच्या कप्तानाच्या हाती तेवढी जहाजे येत नाहीत. पुढे मंगळावरच्या हल्ल्यानंतर स्टारफ्लीटने ते काम थांबवले. आपला राजीनामा पाहून वरिष्ठ नमतील असे पिकार्ड यांना वाटले. त्यांनी तो सरळ मंजूर केला. त्यानंतरची १४ वर्षे मळ्यात गेली.

आम्हाला हे उत्तर सर्व तर्कांपेक्षा वरचढ वाटते. चाहते 'पद की यान' एवढेच विचारत राहिले. पद कशासाठी घ्यायचे, हे फारसे कुणी विचारले नाही. शिक्षणक्षेत्रात तर हा रोजचाच प्रकार. उत्तम शिकवणारा प्राचार्य होतो, हातातला खडू सुटतो, फाइली येतात. मग त्या पदातून वर्गासाठी काय मिळवले, हे विश्वस्तांनी आणि पालकांनी आम्हाला जरूर विचारावे.

ही मालिका ३ सत्रांनंतर २०२३ मध्ये संपली. शेवटच्या सत्रात पिकार्ड दुरुस्त केलेल्या जुन्या 'एंटरप्राइझ'वर पुन्हा पाऊल ठेवतात. कप्तान म्हणून थोड्याच वेळासाठी.