गाडी आपण चालवत नाही, पण रस्ता आपलाही आहे

रस्त्याच्या नियमांचा विषय काढला की गटातल्या कितीतरी जणी म्हणतात, "आमचा काय संबंध? आमच्याकडे लायसन नाही, आम्ही कुठे गाडी चालवतो?" आजचं बोलणं मुद्दाम लायसन नसलेल्या बाईसाठीच आहे. ती शेतावर पायी जाते, बाजाराला मोटारसायकलवर मागे बसून जाते आणि उसाच्या हंगामात ट्रॉलीतून जाते. म्हणजे रोज रस्त्यावरच असते. हँडल दुसऱ्याच्या हातात असलं तरी जीव आपला असतो. आणि तो सांभाळायला काही साधे नियम आहेत, आपल्या बाजूचा कायदाही आहे.

पायी जाताना

शाळेत शिकलेलं "डावीकडून चला" हे वाहनांसाठी आहे. फुटपाथ नसलेल्या रस्त्यावर पायी चालणाऱ्याने उजव्या कडेने चालावं. कारण साधं आहे. डावीकडून चाललो तर आपल्या कडेची गाडी पाठीमागून येते. डोक्यावर वैरणीचा भारा असला की मान वळत नाही, वाऱ्यात आवाजही कळत नाही. उजवीकडून चाललो तर आपल्या कडेची गाडी समोरून येते, ती दिसते आणि बाजूला व्हायला वेळ मिळतो. चार-पाच जणी असाल तर गप्पा मारत आडव्या चालू नका, एकामागे एक चाला.

अंधारात तर आपण दिसणं हेच सगळ्यात मोठं संरक्षण. थोडा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी मोटारसायकल एका सेकंदात साधारण ५५ फूट पुढे जाते. चालवणाऱ्याला काहीतरी दिसलं, ते डोक्यात शिरलं आणि त्याने ब्रेक दाबला, एवढ्यातच एक-दीड सेकंद जातो. पुढे गाडी थांबायला आणखी जागा लागते. सगळं मिळून सव्वाशे ते दीडशे फूट झाले. गाडीचा दिवा खाली केलेला असेल आणि आपल्या अंगावर गडद लुगडं असेल, तर आपण बहुधा शंभर फुटांवरूनही दिसत नाही. त्याने कितीही जोरात ब्रेक दाबला तरी जागाच उरलेली नसते. "मला गाडीचा उजेड दिसतोय, म्हणजे त्याला मी दिसतेय" ही समजूत म्हणूनच घातक आहे.

उपाय स्वस्त आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला निघताना भाऱ्याला पांढरा टॉवेल बांधा. हातात बॅटरी ठेवा, पण तिचा झोत जमिनीकडे धरा, समोरच्याच्या डोळ्यांवर नको. चमकणारी रिफ्लेक्टरची पट्टी मिळाली तर ती टोपलीला, काठीला, पोरांच्या दप्तराला चिकटवा. उजेड पडला की ती लांबूनच चकाकते.

आणि एक. एसटीतून उतरल्यावर बसच्या पुढून रस्ता ओलांडू नका. बसच्या आडोशामुळे पलीकडून येणारी गाडी आपल्याला दिसत नाही आणि आपण तिला दिसत नाही. बस जाऊ द्या, मग दोन्हीकडे बघून ओलांडा. पोरांचा हात मनगटाला धरा, बोट धरू नका. बोट सुटायला वेळ लागत नाही.

मागच्या सीटवर

हेल्मेट फक्त चालवणाऱ्याला लागतं, असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्या बाईलाही, हेल्मेट घालायचं आहे. पगडी घालणाऱ्या शीख बांधवांना यातून सूट आहे. हेल्मेट नसेल तर १,००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन निलंबित, अशी शिक्षा आहे. पण दंडाची भीती बाजूला ठेवा. गतिरोधकावर गाडी उडाली की हँडल धरलेल्याला आधार असतो, मागे एका अंगाला बसलेली बाई मात्र सरळ डोक्यावर पडते. म्हणून घरात हेल्मेट दोन हवीत, आयएसआय शिक्क्याची. हनुवटीखालची पट्टी बांधलेलीच हवी. नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पडताना आपल्या आधी उडून जातं.

साडी आणि ओढणीचं वेगळं सांगते. पदर मागच्या चाकात गेला की क्षणात गळ्याला फास बसतो किंवा बाई खेचून खाली पडते. हे टाळण्यासाठीच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सांगितलंय की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायची कडी, पाय ठेवायची जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं संरक्षण असायला हवं. आपण त्यालाच साडी गार्ड म्हणतो. गाडी शोभेची दिसावी म्हणून पोरं ते काढून टाकतात. ते परत बसवून घ्या, आणि बसवेपर्यंत त्या गाडीवर बसू नका. बसताना पदर कमरेला खोचायचा, ओढणी पुढून बांधायची. ड्रेस घातला असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसा, तोल चांगला राहतो.

चालवणारा आणि मागे एकच, असा कायदा आहे. ट्रिपल सीट बसलेल्यांपैकी तिसऱ्याला ना धरायला जागा असते, ना पाय टेकायला. चार वर्षांखालच्या लेकराला चालवणाऱ्याशी जोडलेला सुरक्षा पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्या लेकराला हेल्मेटही हवं, आणि तेव्हा गाडीचा वेग ४० च्या वर जाता कामा नये. झोपलेलं पोर एका हाताने कवटाळून बसणं म्हणजे आपणही काही धरलेलं नसणं.

घरच्या गाडीचा विमा कोणता आहे, हेही विचारून ठेवा. आपल्याच गाडीच्या चुकीने आपण पडलो, आणि विमा नुसता थर्ड पार्टी असला, तर मागे बसलेलीची भरपाई कंपनी नाकारू शकते. पॅकेज पॉलिसीत, म्हणजे लोक ज्याला फुल इन्शुरन्स म्हणतात त्यात, मागे बसणारीही येते. हप्ता भरताना हा फरक बाईने स्वतः विचारायला हवा.

ट्रॉलीतून जाताना

दसरा-दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागातून ऊसतोडीची कुटुंबं बिऱ्हाड ट्रॉलीत घालून कारखान्यांकडे निघतात. स्वयंपाकाची भांडी, सरपण, शेळी आणि त्यावर बायका-पोरं. ट्रॉली मालासाठी बनवलेली असते, माणसांसाठी नाही. ती उंच, भार वरच्या अंगाला आणि बसणाऱ्याला धरायला काही नाही. वळणावर चाक खाली उतरलं की ती कलंडते. आणि अपघात झालाच, तर "ट्रॉली माणसं न्यायला नव्हती" असं म्हणून विमा कंपनी हात वर करते, मग भरपाईसाठी मालकाच्या मागे फिरावं लागतं.

म्हणून उचल घेताना मुकादमाशी बोलणं होतं, तेव्हाच प्रवासाचंही बोला. बायका-पोरांसाठी वेगळी प्रवासी गाडी मागा. ते अजिबात जमलं नाही, तर निदान प्रवास दिवसाउजेडी करायचा, एवढं ठरवून घ्या. ट्रॉलीच्या कडेवर, भरलेल्या उसावर, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मधल्या दांडीवर कुणीही बसायचं नाही. या चारही जागांवरून पडलेलं माणूस थेट चाकाखाली जातं.

दुसरी गोष्ट, मागून येणाऱ्यांची. ट्रॉलीच्या मागे लाल दिवा आणि लाल रिफ्लेक्टर असणं नियमाने बंधनकारक आहे. पण बाहेर लोंबणारा ऊस ते झाकून टाकतो. मग अंधारात उभी ट्रॉली म्हणजे रस्त्यात उभी केलेली भिंतच. ऊस भरून झाला की मागे जाऊन एकदा बघा, दिवा आणि रिफ्लेक्टर दिसतात का. बैलगाडीलाही मागे पट्टी लावा. ट्रॉली पंक्चर झाली की भोवती दगड मांडतात आणि चाक बदललं की दगड तिथेच टाकून निघून जातात. रात्री त्याच दगडावर एखादा मोटारसायकलवाला जातो. दगड उचलल्याशिवाय चाक हलणार नाही, असं तिथल्या बायकांनीच सांगितलं पाहिजे.

अपघात झालाच तर

"पोलिसांचं लचांड नको" म्हणून लोक जखमीजवळून निघून जातात. आता तशी भीती बाळगायचं कारण नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने जखमीला मदत करणाऱ्यावर, पुढे त्याचं काही बरंवाईट झालं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती पोलीस करू शकत नाहीत, आणि दवाखाना मदत करणाऱ्याकडे पैसे मागू शकत नाही.

१०८ ला फोन लावा, रुग्णवाहिका मोफत आहे. ११२ वर पोलिसांना कळवा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ आहे. पहिला तास मोलाचा असतो. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. मान, पाठ हलवू नका, ओढाताण करू नका. ज्या गाडीने ठोकर दिली तिचा नंबर कुणीतरी लिहून घ्या.

उपचाराच्या पैशासाठी थांबू नका. २०२५ पासून केंद्राच्या योजनेत रस्ता अपघातातल्या जखमीला, योजनेत नोंदलेल्या दवाखान्यात अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार पैसे न भरता मिळतात. ठोकर देणारी गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्याचा अर्ज तहसीलदार किंवा प्रांत कार्यालयात करायचा. गाडी सापडली असेल, तर भरपाईचा दावा जिल्ह्याच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत दाखल करा. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद, बिलं जपून ठेवा.

आणि मैत्रिणींनो, हे मात्र नक्की लक्षात ठेवा. "ती घरीच असायची, कमवत नव्हती" असं म्हणून कुणी भरपाई कमी करायला लागलं तर गप्प बसू नका. बाई घरात जे काम करते त्याला पैशात किंमत आहे आणि भरपाईत ती धरलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितलंय. जानेवारी २०२१ च्या निकालातही तेच ठासून सांगितलं आहे.

पुढच्या बैठकीत

बैठकीत तीन कामं घ्या. पहिलं, गटाच्या खात्यातून रिफ्लेक्टरची पट्टी आणून वाडीतल्या प्रत्येक बैलगाडीला, ट्रॉलीला, सायकलला लावा. दुसरं, गावाजवळचं कोणतं वळण झुडपांनी झाकलंय, कोणत्या एसटी थांब्यावर दिवा नाही, कुठल्या गतिरोधकावरचा पांढरा रंग गेलाय, याची यादी करा. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथे ती ठराव म्हणून लिहून घ्या आणि पुढच्या सभेत काय झालं ते विचारा. तिसरं, १०८, ११२ आणि १०३३ हे आकडे अंगणवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात रंगवा. वाचता न येणाऱ्या आजीलाही ते पाठ करून घ्या.

आज संध्याकाळी घरी गेल्यावर गाडीच्या मागच्या चाकाकडे एकदा बघा. साडी गार्ड आहे का? नसेल तर उद्याच मेकॅनिककडे न्यायला सांगा. बाकीचं पुढच्या भेटीत बोलू. सांभाळून जा, सांभाळून या. नमस्कार.