बावन्न जणींचा निरोप

"आजोबा, राउटर माजघरात, मोबाइल इथे ओसरीवर. मधे एवढी जाड भिंत. मग सिनेमा येतो कसा?" नातीने विचारलं आणि मला झोपाळ्यावर ऐसपैस बसायला निमित्त मिळालं.

अगं, भिंतीपेक्षा मोठं दुखणं प्रतिध्वनीचं. दरीच्या काठावर भरभर बोलून बघ. पहिल्या शब्दाचा पडसाद तिसऱ्या शब्दावर येऊन आदळतो. रेडिओलहरीही कपाटावर, छतावर आपटून उशिरा पोचतात. म्हणून सावकाश बोलावं; पण मग तुझा सिनेमा कधी संपणार? यावरची युक्ती अशी, की एकीने घाई करण्यापेक्षा पुष्कळ जणींनी एकाच वेळी सावकाश बोलायचं. या लहरींना सबकॅरिअर म्हणतात. मी उपलहरी म्हणतो.

१९९९च्या वायफाय मानकात, ८०२.११ए त्याचं नाव, २० मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात ६४ जागा आखल्या. ४८ जणी निरोप नेतात. चौघी आधीच ठरलेला सूर धरून बसतात, तानपुऱ्यासारख्या. त्यांच्यावरून ऐकणारा आपला कान जुळवतो. उरलेल्या १२ जागा मुक्या. मधली एक, बाकीच्या कडेला, शेताला बांध सोडावा तशा.

"पण सगळ्या एकदम बोलल्या तर कालवा नाही का होणार?"

हा झोपाळा बघ. त्याच्या तालात ढकललंस तर झोका चढतो. भलत्याच तालात ढकलत राहिलीस, तर काही धक्के झोक्याच्या बाजूने, काही उलट, बेरीज शून्य. तिथेही तसंच. ३.२ मायक्रोसेकंदांत प्रत्येक उपलहर शेजारणीपेक्षा बरोबर एक पूर्ण हेलकावा जास्त घेते. त्यामुळे एकीच्या तालाने मोजलं, की बाकीच्यांची बेरीज शून्यावर येते. लहरी एकमेकींत मिसळलेल्या असतात, तरी वेगळ्या निघतात. मला तरी याहून सुंदर हिशेब ठाऊक नाही.

आणि पडसादांचं काय? प्रत्येक लहरीची शेपटी उचलून तिच्याच डोक्याला जोडतात, ०.८ मायक्रोसेकंदाची. तेवढ्या वेळात प्रकाश २४० मीटर जातो, म्हणून आपल्या घरातले पडसाद त्यातच जिरतात. ऐकणारा तो तुकडा सरळ टाकून देतो.

हे मूळ गणित बेल लॅब्जच्या रॉबर्ट चँग यांनी १९६६ साली मांडलं. ४जी मोबाइलमध्येही हीच युक्ती आहे, फक्त दोन उपलहरींमधलं अंतर १५ किलोहर्ट्‌झ.

चल, आता जरा ढकल बघू. माझ्या तालात हं!