जेल नेलपॉलिश आणि कच्चं अळू

अनेक वर्षं जेल नेलपॉलिश लावूनही काही झालं नाही, म्हणजे ते आपल्याला मानवतं, असा समज आहे. ॲलर्जीचं गणित मात्र उलटं चालतं. शरीर एखाद्या पदार्थाला शत्रू मानू लागतं, ते बहुतेकदा वारंवार संपर्क आल्यावरच. जेलमध्ये 'हेमा'सारखी ॲक्रिलेट (प्रकाशाने एकमेकांना जोडले जाणारे लहान रेणू) असतात. दिव्याखाली ती पुरती जोडली गेली की त्रास सहसा होत नाही. जोडणी अर्धवट राहिली किंवा ओलं जेल कातडीला लागलं, तर ती त्वचेत शिरतात. शिजलेलं अळू बिनघोर खाता येतं, कच्चं खाजतं, तसंच हे. फरक इतकाच, की अळवाची खाज काही वेळात ओसरते. ही ॲलर्जी बहुधा जन्मभर राहते आणि पुढे दातांच्या फिलिंगला किंवा मधुमेहींच्या सेन्सरच्या चिकटपट्टीलाही नडू शकते. युरोपीय संघाने २०२० मध्ये हेमायुक्त नखप्रसाधनं व्यावसायिकांपुरती मर्यादित केली, ती यामुळेच.

'हेमाविरहित' बाटली घेतली तर? धोका थोडा घटेल, पण तिच्यातही बहुधा दुसरी ॲक्रिलेट असतातच. नखाला 'श्वास घेऊ द्यावा' म्हणतात, तेही खरं नाही. नखाचं पातं मृत केराटिनचं असतं. ते कमकुवत होतं मुख्यतः जेल खरवडून, ओढून काढताना वरचे थर निघाल्यामुळे. त्यावर औषध कंटाळवाणं आहे: नखं आखूड ठेवणं, भांडी घासताना हातमोजे, रात्री व्हॅसलीन, आणि नवं नख पूर्ण येईपर्यंत सुमारे सहा महिन्यांची वाट. बोटांना खाज, पुरळ किंवा पापण्यांना सूज आली, तर जेल थांबवून त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट (पाठीवर पट्ट्या लावून केलेली चाचणी) करून घ्यावी.