शिर्डीची पंगत : शेजारी कोण बसणार?

गटाची सहल शिर्डीला गेली की जेवण साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात ठरलेलं. पहिल्यांदा येणाऱ्या बायका हमखास विचारतात, "आपल्याला एकत्र बसता येईल ना?"

तिथली रीत साधी आहे. लांबच लांब टेबलं, जागेवर कुणाचं नाव नाही. रांगेतून याल तशी पुढची रिकामी जागा घ्यायची, मध्ये जागा सोडायची नाही. ओळी भरल्या की वाढपी पोळी, भाजी, वरण, भात घेऊन फिरतात. जेवण झालं की उठायचं, टेबल पुसलं की पुढची पंगत. एवढ्या माणसांचा स्वयंपाक वाफेवर होतो. २००९ पासून छतावरच्या ७३ सौर तबकड्या त्याला हातभार लावतात.

म्हणून एकत्र बसायचं तर रांगेतच एकत्र उभं राहा. पिशवी ठेवून जागा अडवू नका. म्हाताऱ्या बाईसोबत एकीने राहावं. ताटात लागेल तेवढंच घ्या.

आता मनातलं सांगतो. आमच्या गटाच्या जेवणात एक मैत्रीण नेहमी कडेला बसायची. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं, पण जवळही कुणी बोलावलं नव्हतं. शिर्डीत रांगेनेच तिला आमच्या मधोमध बसवलं. गप्पा मारत ती पोटभर जेवली. घरी परतताना आम्ही ठरवलं, गटाच्या जेवणालाही येईल तशी जागा.

तुमच्या गटात कडेला कोण बसतं, एकदा बघा.