टिपेश्वरचा वाघ

मंडळी, वाघ पाहायला माणसे पैसे खर्च करून दूरदूर जातात. पण २०१९ साली एक वाघ आपल्याच हिंगोली जिल्ह्याच्या शिवारातून चालत गेला! त्याची हकिकत सांगतो. आणि तो जिथून आला ते जंगल पाहायला कसे जावे, तेही सांगतो.

त्या जंगलाचे नाव टिपेश्वर. ते यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ आहे. सरकारने १९९७ साली त्याला अभयारण्य केले. अभयारण्य म्हणजे जनावरांना जिथे शिकाऱ्याचे भय नाही असे रान. त्याचा विस्तार सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. साग, तेंदू, पळस अशी आपल्या ओळखीचीच झाडे तिथे आहेत. पूर्वी या रानात गावेही होती. ती उठवून बाहेर वसवली. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर सोडणे सोपे नसते, हे विसरू नये. त्यांच्या शेतांत आता गवत वाढले आहे. गवत आले की चितळ येतात. चितळ आले की मागोमाग वाघ आलाच.

पण वाघ वाढले तरी रान तेवढेच राहिले. वाघाला स्वतःचा वेगळा मुलूख लागतो. नर बच्चा मोठा झाला, की दुसरा नर त्याला तिथे राहू देत नाही. आपल्याकडे मुलगा वेगळा निघाला तर वाटणी तरी मिळते. वाघाच्या पोराला तीही नाही!

असाच एक तरणा वाघ होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याच्या गळ्यात एक यंत्राचा पट्टा बांधला होता. वाघ कुठे आहे, ते आकाशातल्या उपग्रहाच्या मदतीने त्या पट्ट्यावरून कळते. जून महिन्यात तो टिपेश्वर सोडून निघाला. कधी तेलंगणात गेला, कधी परत महाराष्ट्रात आला. नाले, कापसाची शेते, सडका, सारे ओलांडत तो चालला. दिवसा झुडपात पडून राहायचा, रात्री चालायचा. भूक लागली की रानडुक्कर मारी, कधी गुरेही मारी. आपला जिल्हा ओलांडून डिसेंबरात तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल सुमारे १३०० किलोमीटर झाली होती. पुढेही तो हिंडतच राहिला. २०२० च्या एप्रिलात पट्टा काढला, तेव्हा हिशेब ३००० किलोमीटरांच्या वर गेला होता. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. वॉकर म्हणजे चालणारा.

एवढ्या वाटेत किती गावे लागली असतील! पण तो माणसांच्या मागे लागला नाही. एका ठिकाणी मात्र तो झुडपात निजला होता आणि लोक अगदी जवळ गेले. तेव्हा माणूस जखमी झाला. चूक कोणाची, ते तुम्हीच ठरवा.

आता जंगल पाहायला कसे जावे? हिंगोलीहून पुसद, यवतमाळ करत पांढरकवड्याला जाता येते. तिथून जवळच सुन्ना गावाच्या बाजूला अभयारण्याचे फाटक आहे. आत उघड्या गाडीतून नेतात. सोबत वाटाड्या असतो. तो बहुधा आसपासच्याच गावचा असतो. त्याला रोजगार मिळतो आणि आपल्याला जाणता माणूस मिळतो. पावसाळ्यात जंगल बंद असते. म्हणून जायचे ते उन्हाळ्यात. तेव्हा पाणी आटते आणि जनावरे पाणवठ्यावर येतात. निघण्याआधी चौकशी करावी, जागा राखून ठेवावी.

गाडीतून खाली उतरायचे नाही. ओरडायचे नाही. कान मात्र उघडे ठेवायचे. वानर झाडावरून खेकसू लागले, चितळ ओरडले, की समजावे, वाघ जवळपास आहे. तरी तो दिसेलच असे नाही बरं का! पैसे दिले म्हणून वाघ काही हजेरी लावत नाही. पण रोही, सांबर, अस्वल, मोर यांतले काहीतरी दिसतेच.

आफ्रिकेत केनिया नावाचा देश आहे. तिथले मसाईमारा हे रान जगात नावाजलेले आहे. सिंह, हत्ती, जिराफ पाहायला लोक विमानाने जातात. तिथले मसाई लोक आपल्या धनगरांसारखे गुरे राखणारे. त्यांच्यातल्या पुष्कळांनी आपली जमीन जनावरांसाठी भाड्याने दिली आहे. आता त्यांना तिचे भाडे मिळते. पण एक गंमत ऐका. आफ्रिकेच्या रानात सिंह आहे, बिबट्या आहे, पण पट्ट्यांचा वाघ नाही! त्यासाठी त्यांनाच आपल्याकडे यावे लागेल.

वॉकरसारखा दुसरा एखादा वाघ पुढे आपल्या शिवारातून जाऊ शकतो. जंगलातला नियम तेव्हा शेतातही पाळावा. घोळका करू नये. काठ्या-दगड घेऊन मागे धावू नये. मोबाईलवर फोटो काढायला पोरांना पुढे जाऊ देऊ नये. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवावी. वनखात्याला १९२६ या नंबरवर फोन करावा. गाय-बैल मारला गेला असेल तर तो जागचा हलवू नये. आधी वनखात्याला कळवावे, पंचनामा होऊ द्यावा. तरच भरपाई मिळते.

टिपेश्वरला जाण्याइतके पैसे गाठीला नसतील, तर हिवाळ्यात पैनगंगेवरच्या इसापूर धरणावर जा. तिथे सकाळच्या वेळी पाण्यावर बदकांचे थवे उतरलेले दिसतात. भाकर बांधून न्या आणि मुलांनाही सोबत घ्या.