सभ्य तोंडाचा द्वेष

द्वेष म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाठी, जाळपोळ, बहिष्कार उभा राहतो. आनंद पटवर्धन यांचा 'जय भीम कॉम्रेड' हा २०११ सालचा माहितीपट या द्वेषाचे घरातले, हसतमुख रूप दाखवतो. मला तो त्यासाठी महत्त्वाचा वाटतो.

त्याचे मूळ घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात आहे. ११ जुलै १९९७ रोजी सकाळी तेथील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. वस्ती रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि १० माणसे मेली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. जमाव गॅसचा टँकर पेटवणार होता, असे पोलिसांचे म्हणणे होते. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरवला. आदेश देणाऱ्या फौजदाराला २००९ मध्ये जन्मठेप झाली. अपिलात तो जामिनावर सुटला.

पण टँकरची गोष्ट सुशिक्षितांना इतकी सहज पटली कशी? पटवर्धनांनी १४ वर्षे केलेल्या चित्रणात याचे उत्तर सापडते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या गर्दीविषयी शिवाजी पार्क भागातली माणसे बोलतात. घाण होते, वास येतो. आवाज चढत नाही, शिवी नाही. शहराचा कचरा उपसणारे दलित कामगारही याच माहितीपटात आहेत. ज्यांनी घाण काढायची त्यांनाच घाण म्हणायचे, हा आपल्या समाजाचा जुना हिशेब! 'ते तसेच' हे आधीच ठरलेले असले की बंदुकीच्या बाजूची कोणतीही गोष्ट खरी वाटते.

मी तळोज्यात शिकवतो. घरातला पहिला पदवीधर. 'तुमचं काय बुवा, सरकारी जावई!' हे मी चहाच्या कपाबरोबर ऐकले आहे, तेही आपुलकीने. याच तळोज्याच्या कारागृहाशी माहितीपटाचा आणखी एक धागा जुळतो. त्यात गाणाऱ्या कबीर कला मंचाचे सागर गोरखे आणि रमेश गायचोर यांना सप्टेंबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात अटक झाली व येथे ठेवले गेले. घोगऱ्यांनंतरच्या पिढीचे हे शाहीर.

माहितीपट तीन तासांहून मोठा आहे, एका तासिकेत मावत नाही. वर्गात दाखवणाऱ्या शिक्षकांनी शिवाजी पार्कच्या मुलाखती आधी दाखवाव्यात, गोळीबार नंतर. उलट केले तर मुले पोलिसांवर चिडतात आणि मुलाखतीतल्या माणसांना भली माणसे समजून सोडून देतात.